पाचशे लेख विकत घेण्याआधी काउंटरवरची वही उघडा

पत्र

ताई, आमचं सांगोला तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. बाबा बावीस वर्षं दुकान चालवतात. ठिबकचं सामान, खतं, औषधं असं सगळं असतं आणि गिऱ्हाईक बहुतेक डाळिंबवालं. मी पुण्यातली नोकरी सोडून वर्षापूर्वी गावी आलो. ठिबकचे सुटे भाग ऑनलाइन विकायचे म्हणून वेबसाइट करतोय. एका एजन्सीचं म्हणणं आहे की गूगलवर वर यायचं तर निदान ५०० लेख लागतील. एक लेख हजार शब्दांचा, शब्दाला २५ पैसे, सगळे लेख ४५ दिवसांत. म्हणजे सव्वा लाख रुपये, त्यातले निम्मे आगाऊ. त्यांनी दिलेली शीर्षकांची यादी सोबत जोडतो. बाबा म्हणतात, "एवढं लिहून कोण वाचणार?" बहीण बीएस्सी ॲग्री आहे, ती म्हणते, मी सगळं तपासून देईन. पुढच्या आठवड्यात पैसे भरायचे आहेत. भरू का?

उत्तर

नका भरू. निदान पुढच्या आठवड्यात तरी नाही, आणि ५०० लेखांसाठी तर नाहीच. वेबसाइट मात्र जरूर करा. तुमच्याकडे लिहिण्यासारखं जे आहे ते त्या एजन्सीकडे नाही. पण ते तिच्या यादीत कुठेच दिसत नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

तुमची यादी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात तेल्या या डाळिंबाच्या रोगावरची ३१ शीर्षकं आहेत. ‘डाळिंब तेल्या रोग उपाय’, ‘तेलकट डाग रोग नियंत्रण’, ‘तेल्यावर रामबाण औषध’, ‘तेल्या कसा ओळखावा’ आणि असंच पुढे. शेतकऱ्याच्या डोक्यात हा एकच प्रश्न असतो: फळावर काळे डाग पडलेत, हा तेल्याच आहे का, आणि असला तर आता काय करू? त्याचं एक चांगलं, फोटोंसकट उत्तर पुरेसं आहे. एकच प्रश्न ३१ सदरे घालून उभा केला तर एकाही लेखात जीव राहत नाही. यादीत पुढे ‘सोलापूर जिल्ह्यात ठिबक सिंचन’, ‘सांगली जिल्ह्यात ठिबक सिंचन’ असे ३६ जिल्ह्यांचे ३६ लेख आहेत. त्यात जिल्ह्याचं नाव सोडून काहीही बदलणार नाही, हे ती यादी करणाऱ्यालाही ठाऊक असणार. गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव तेवढं बदलून केलेली अशी पानं गूगलच्या नियमांत थेट गैरप्रकार म्हणून नोंदलेली आहेत.

‘जास्त लेख म्हणजे वरचा नंबर’ हा समज फार जुना आहे. एके काळी त्यात तथ्यही होतं. स्वस्तात हजारो लेख लिहून घ्यायचे आणि शोधणाऱ्याला आपल्या पानावर ओढायचं, असा धंदा अमेरिकेत जोरात होता. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल आणला आणि अशा साइट एका झटक्यात खाली गेल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच दिशेने आणखी एक मोठा बदल झाला. मार्च २०२४ मध्ये तर नियमांत स्पष्टच लिहिलं गेलं की केवळ वरचा नंबर मिळवण्यासाठी ढिगाने पानं तयार करणं हा गैरप्रकार आहे. ती पानं माणसाने लिहिली की यंत्राने (एआयने), याने फरक पडत नाही. त्यामुळे एजन्सी जे विकते आहे ते नुसतं निरुपयोगी आहे असं नाही, तुमच्या नव्या साइटला त्याने अपायही होऊ शकतो.

आता बहिणीच्या शब्दाबद्दल. ती मनापासून म्हणाली असेल, पण हिशेब करून बघा. ५०० लेख गुणिले १,००० शब्द म्हणजे पाच लाख शब्द. ४५ दिवसांत ते यायचे तर रोज अकरा लेख. एक लेख नीट तपासायचा म्हणजे मात्रा पडताळायची, नाव बघायचं, चुकीचं वाक्य खोडून बरोबर लिहायचं. घाई केली तरी अर्धा तास जातो. म्हणजे २५० तास. ती रोज एक तास देऊ शकली आणि आठवड्याला एक सुट्टी घेतली, तर नऊ-दहा महिने. एजन्सी दीड महिन्यात लेख देईल आणि तुम्ही ते न तपासता चढवाल. तसं करायचं तुमच्या मनात नसलं तरी तेच होईल, कारण पैसे गेलेले असतील आणि साइट रिकामी दिसत असेल.

मोठ्या प्रमाणावर मजकूर करून घेताना लोक पहिल्यांदा लिहिणारा शोधतात. मी उलटं सांगते. आधी तपासणारा ठरवा. तो आठवड्याला जेवढं तपासू शकतो तेवढाच तुमच्या साइटचा वेग. तुमच्या घरात आठवड्याला दोन लेख नीट तपासून होणार असतील तर वर्षाला शंभर होतील, आणि त्याहून एकही जास्त लिहून घेऊ नका. हा नियम कपड्यांच्या किंवा पर्यटनाच्या साइटला थोडा सैल करता येईल. तुम्हाला नाही.

कारण तुमचा वाचक लेख वाचून टाकीत औषध ओतणार आहे.

मी एका शेतीविषयक मासिकात होते तेव्हाची गोष्ट. एक पुरवणी आम्ही बाहेर लिहायला दिली होती. लेखकाने मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पाठवला, आमच्याकडे तो युनिकोडमध्ये बदलला गेला आणि बदलताना एका ठिकाणचं दशांशचिन्ह गळलं. प्रतिलिटर ०.५ मिलीचे ०५ मिली झाले. मुद्रितशोधन करणाऱ्याला वाटलं, हा आधीचा शून्य चुकून आलाय, म्हणून त्याने तो काढून टाकला. ५ मिली छापून गेलं. दहापट! एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याच्या हातात बाटली होती आणि लेबलवरचा आकडा आमच्याशी जुळत नव्हता. त्याने विचारलं, म्हणून आम्हाला कळलं. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली. पण न विचारता फवारलेले किती असतील, हे मला कधीच कळणार नाही. तेव्हापासून आकडा असलेली एकही ओळ मी दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

शब्दाला २५ पैसे घेणारा लेखक काय करेल, याचा अंदाज तुम्हाला बांधता येईल. हजार शब्दांचे २५० रुपये, त्यातला काही वाटा एजन्सीचा. तो आंतरजालावरचे चार लेख उघडेल, किंवा यंत्राला सांगेल, आणि वाक्यं फिरवेल. त्या चार लेखांतला एखादा दहा-बारा वर्षं जुना असेल. एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली, तरी जुन्या मजकुरात ते नाव अजून सापडतं. सूत्रकृमींसाठी डाळिंबाच्या आळ्यात फोरेट टाकायची सवय तुमच्याकडच्या जुन्या बागायतदारांना आठवत असेल. ३१ डिसेंबर २०२० पासून तेही बंद आहे. तुमच्या दुकानाच्या नावाखाली बंदी असलेल्या औषधाची शिफारस गेली तर बाबांच्या बावीस वर्षांच्या शब्दाचं काय होईल? नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर यात मदत करत नाही. वाक्य नवं आहे की नाही एवढंच ते सांगतं, खरं आहे की नाही ते सांगत नाही.

आता कामाकडे येऊ. काउंटरवर एक शंभर पानी वही ठेवा. महिनाभर दुकानात आलेला आणि फोनवर विचारला गेलेला प्रत्येक प्रश्न त्यात लिहा, आणि तो विचारणाऱ्याच्याच शब्दांत. ‘फुलगळ होतेय’ असं कोणी म्हणालं तर ‘फुलगळीची कारणे व उपाय’ असं लिहू नका. ‘ताण बसला नाही वाटतं, कळी एकसारखी निघंना’, ‘शेवटच्या ड्रिपरला पाणीच पोचत नाही’, ‘ॲसिड सोडलं तरी ड्रिपर चोकअपच’, ‘बारा एमएमची लॅटरल सोळाला कशी जोडायची’ असं जे ऐकाल तेच. प्रश्नासमोर गाव, बागेचं वय आणि बहार, म्हणजे फळाचा हंगाम, लिहा. तोच प्रश्न पुन्हा आला की शेजारी फक्त एक रेघ मारा.

महिन्याअखेरीस त्या वहीत कदाचित दीडशे प्रश्न असतील, पण रेघा मोजल्या की चाळीस-पन्नास प्रश्नच पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. तीच तुमची यादी. शोधताना लोक हेच शब्द वापरतात, कधी देवनागरीत, कधी रोमन अक्षरांत, कधी मोबाइलला तोंडी विचारून. एजन्सीच्या यादीतल्या ‘ठिबक सिंचनाचे महत्त्व’ या विषयाचा शोध तुमचं गिऱ्हाईक कधी घेणार नाही. त्याला महत्त्व माहीत आहे. त्याच्या नळीच्या जोडावरचा रबरी ग्रोमेट गळतोय.

आणि इथेच तुमची खरी जागा आहे. रोगांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यांच्याशी स्पर्धा करायचं कारण नाही आणि तेवढा अधिकारही आपला नाही. पण ठिबकच्या जोडणीवर, गळतीवर, फिल्टरवर, बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर मराठीत कामाचं, फोटोंसह लिहिलेलं फार थोडं आहे. तुम्ही विकणार आहात तेही हेच. पहिले ४० लेख ठिबकचे करा. रोग-किडीचे दहा-पंधरा पुरेत, आणि त्यात ओळख कशी करायची, कोणाला दाखवायचं, काय टाळायचं यावर भर द्या. मात्रा जिथे द्यावीच लागेल तिथे लेबलवरची किंवा विद्यापीठाच्या चालू शिफारशीतली, आणि ती कुठून घेतली ते लेखातच लिहा. अनुदानाचे एक-दोन लेख करावेत असं वाटेल. जरूर करा, पण त्यातले नियम आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या पायऱ्या बदलत राहतात, त्यामुळे दर वर्षी ते पुन्हा लिहायची तयारी असेल तरच.

वेळापत्रक बहाराप्रमाणे लावा. आंबे बहार धरणारा ताण द्यायच्या, म्हणजे बागेचं पाणी तोडायच्या, आधी ठिबक तपासतो, लॅटरल (झाडांच्या ओळीतल्या नळ्या) धुतो, चोकअप काढतो. त्याला लागणारे लेख त्याच्या दोन महिने आधी साइटवर हवेत, कारण गूगलला नवं पान सापडायला आणि त्याच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. मृग आणि हस्त बहाराचंही तसंच. तुमच्या भागात कोणता बहार जास्त धरतात ते बाबांना विचारून त्याच्यापासून सुरुवात करा.

आता लिहिणार कोण? बाबा लिहिणार नाहीत, आणि त्यांनी लिहावं असं मी सुचवतही नाही. त्यांना बोलू द्या. दुपारी दुकान शांत असतं तेव्हा वहीतला एक प्रश्न काढा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि एखाद्या नवख्या शेतकऱ्यासारखं विचारत बसा. वीस मिनिटं पुरतात. मध्ये मध्ये ‘म्हणजे काय?’, ‘आणि तसं नाही झालं तर?’, ‘लोक इथे काय चुकतात?’ हे तीन प्रश्न विचारायला विसरू नका. तिसऱ्याच्या उत्तरात सोनं असतं. बावीस वर्षं लोकांच्या चुका निस्तरणाऱ्या माणसाला ते ठाऊक असतं आणि पंचवीस पैशांच्या लेखकाला ते कुठेही वाचून कळत नाही.

लेखकाला हे रेकॉर्डिंग द्यायचं, सोबत भाग हातात धरून काढलेले चार-पाच फोटो आणि एक टिपण. टिपण अर्ध्या पानाचं असावं. मी एक नमुना करून देते:

*प्रश्न:* ॲसिड सोडूनही ड्रिपर चोकअप का राहतात?
*वाचक:* तीन-चार वर्षांची बाग, बोअरचं पाणी, लॅटरल सोळा एमएम. एकदा ॲसिड सोडून झालंय.
*बाबांचं उत्तर दोन ओळींत:* चोकअप क्षाराचा की शेवाळाचा ते आधी बघा. पांढरा थर असेल तर ॲसिड, हिरवट बुळबुळीत असेल तर क्लोरीन. आणि नंतर एंड कॅप काढून लॅटरल धुतल्याच नाहीत तर सुटलेली घाण पुन्हा ड्रिपरमध्येच बसते.
*लेखात असलंच पाहिजे:* ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र किंवा एकामागोमाग लगेच सोडायचं नाही, विषारी वायू तयार होतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हातमोजे, चष्मा.
*लेखात नको:* ठिबकचे फायदे, पाण्याचं महत्त्व, कोणत्याही कंपनीची स्तुती.
*लांबी:* उत्तर संपेल तिथपर्यंत. ६०० शब्दांत संपलं तर ६००.

ॲसिड आणि क्लोरीनची ओळ पाहा. क्षारासाठी हे आणि शेवाळासाठी ते, अशी दोन्ही वाक्यं लागोपाठ लिहिणारा अनोळखी लेखक ‘दोन्ही वापरल्यास उत्तम परिणाम’ असं सहज लिहून जाईल. त्याला त्यातला धोका माहीत नसतो, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही. तो सांगणं हे टिपण करणाऱ्याचं काम आहे.

लांबीबद्दल आणखी एक. शब्दांवर पैसे देऊ नका. शब्दावर पैसे मिळतात तिथे माणूस ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ इथून सुरुवात करतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही केली असती. स्वीकारलेल्या लेखावर पैसे द्या, छोटा असो की मोठा.

लेखक शोधताना मोठ्या नावांच्या मागे जाऊ नका. नुकतेच पदवीधर झालेले कृषीचे विद्यार्थी, तालुक्याच्या बातम्या पाठवणारे वार्ताहर, चांगलं मराठी लिहिणारे शिक्षक यांत तुमचा लेखक आहे. चौघांना एकच रेकॉर्डिंग आणि एकच टिपण द्या, आणि चौघांनाही त्या चाचणी लेखाचे पैसे द्या. फुकट नमुना मागू नका, ते मला पटत नाही आणि चांगला माणूस त्या दाराने येतही नाही. आलेले लेख बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. बाबा जिथे ‘असं कोण बोलतं?’ म्हणतील तिथे खूण करा, आणि जिथे ‘हे मी बोललोच नव्हतो’ म्हणतील तिथे दोन खुणा. दुसऱ्या प्रकारच्या खुणा जास्त असलेला लेखक कितीही गोड लिहीत असला तरी नको. रोगावरच्या लेखासाठीही एक चाचणी ठेवता येईल. तेल्याचं कारण विचारा. तो जिवाणूजन्य रोग आहे. जो न शोधता ‘बुरशीजन्य’ लिहून देतो, तो पुढेही शोधणार नाही.

पैशांचा अंदाज देते. तुमच्याकडे सव्वा लाख आहेत. एका लेखामागे लेखकाला १,२००, तपासणाऱ्याला ५००, भाषेवरून शेवटचा हात फिरवणाऱ्याला ३०० धरा. दोन हजार झाले. साठ लेखांचे एक लाख वीस हजार आणि चाचणीला पाच हजार. आठवड्याला दोन या वेगाने तीस आठवडे. एजन्सीच्या ५०० लेखांपेक्षा हे साठ तुम्हाला जास्त गिऱ्हाईक देतील, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणते. सगळे साठ एकदम सांगूही नका. पहिले बारा करा, थांबा, बघा, मग पुढचे.

ते तपासणीचे ५०० रुपये बहिणीला द्यायचे आहेत. घरचं काम म्हणून फुकट नाही. तिचं शिक्षण तुमच्या साइटला विश्वास देणार आहे, तर त्याचं मोल आणि तिचं नाव दोन्ही लेखावर यायला हवं: ‘तपासणी’ असं लिहून तिचं नाव, पदवी आणि तारीख. रोग-किडीच्या लेखांसाठी तिच्या जोडीला तुमच्या भागातले एखादे निवृत्त कृषी अधिकारी मिळाले तर त्यांनाही मानधन देऊन विचारा. तीन वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला जे दिसत नाही ते तीस वर्षांनंतर दिसतं. लेखकाचं नावही द्या. नाव जाणार म्हटलं की माणूस दोनदा वाचतो.

भाषेसाठी एक पानाचं शैलीपत्रक करा आणि प्रत्येक लेखकाला द्या. ठिबक म्हणायचं की ड्रिप? लॅटरल की नळी? मी तुमच्या गिऱ्हाइकाचे शब्द घेईन: ठिबक, लॅटरल, सबमेन, व्हेंचुरी, एंड कॅप. शुद्धलेखनाला मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार नियम धरा, पण बाबांचं तोंडचं वाक्य उद्धृत केलं असेल तर त्याला हात लावू नका. मात्रा नेहमी दोन प्रकारे द्या, प्रतिलिटर आणि २०० लिटरच्या टाकीला, कारण शेतकरी टाकीच्या हिशेबाने मोजतो. क्षेत्र एकरात, गुंठे चाळीसने मोजून. आकडे देवनागरी की इंग्रजी ते एकदाच ठरवा. मोबाइलच्या बारीक अक्षरांत १ आणि ९ यांची गल्लत होते, हे लक्षात ठेवून अक्षर मोठं ठेवा.

आणि मजकूर फक्त युनिकोडमध्ये घ्या. डीटीपीची सवय असलेले चांगले लेखक अजून जुन्या फॉन्टमध्ये लिहून पाठवतात. ते बदलून घेताना काय होतं ते वर सांगितलंच. युनिकोडमध्येही एक बारीक खोच आहे. ‘शेतकऱ्यांना’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात, आणि मग तुमच्याच साइटवर शोधलं तर निम्मे लेख सापडत नाहीत. शेतकऱ्यांच्या साइटवर नेमका हाच शब्द हरवायला नको. प्रत्येक लेख चढवण्याआधी शोधा-आणि-बदला करून एकच पद्धत ठेवा.

यंत्राचा वापर करू का, असं तुम्ही विचारलं नाही, पण कराल हे मला माहीत आहे. बाबांचं रेकॉर्डिंग अक्षरांत उतरवायला जरूर करा, खूप वेळ वाचतो, मात्र ग्रामीण उच्चारांत ते चुकतं म्हणून ऐकत ऐकत दुरुस्त करा. मात्रा, औषधाचं नाव, काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची, यातली एकही गोष्ट यंत्राला विचारून लिहू नका. ते ठामपणे चुकीचं सांगतं आणि वाचणाऱ्याला शंका येत नाही.

लेखी करार करा, लेखक ओळखीचा असला तरी. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, तुमच्या नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तोच असतो, तुम्ही पैसे दिले असले तरी. हक्क तुमच्याकडे यायचे तर सहीचं लेखी हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून दोन्ही लिहा. एक दुरुस्ती मोबदल्यात धरलेली आहे, लेख स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत पैसे मिळतील, आणि लेख नाकारला तर काय, हेही त्यातच. पंधरा दिवस म्हटलं तर पंधराव्या दिवशी द्या. लेखक टिकतो तो यामुळे.

पहिले बारा लेख चढले की गूगलचं सर्च कन्सोल जोडा, ते मोफत आहे. लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. त्यातला जो प्रश्न तुमच्या वहीत नाही तो वहीत घाला. पण त्याहून साधं मोजमाप काउंटरवर आहे. ‘तुमचं वाचून आलो’ म्हणणाऱ्याच्या नावापुढे फुली मारा. लेख व्हॉट्सॲपवर फिरणार आहे, म्हणून पहिल्या तीन ओळींत उत्तर आलं पाहिजे.

एजन्सीला भांडून उत्तर देऊ नका. ‘सध्या आम्ही कमी लेखांपासून सुरुवात करतोय, आगाऊ रक्कम भरणार नाही’ एवढं ईमेलवर कळवा. साइटची तांत्रिक कामं त्यांच्याकडून करून घ्यायला माझी हरकत नाही, मजकूर तेवढा नको.

बाबांना माझा नमस्कार सांगा. ‘एवढं लिहून कोण वाचणार’ हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. उद्यापासून वही ठेवा. महिन्याने पाच रेकॉर्डिंग झाली की त्यातलं एक मला पाठवा, त्यावरून पहिलं टिपण मी तुमच्यासाठी करून देईन.